बाहेर बसायची जागा

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा संबंध खर्चाशी आहे असेच आम्हांला वाटे. पुढे घर बांधून झाले, त्या घरात आमच्या आईवर जो प्रसंग ओढवला तो आम्ही पाहिला, आणि मग खर्च हा त्यातला सर्वांत लहान भाग असल्याचे आम्हांला उमगले. येथे ‘आम्ही’ म्हणजे दोघे भाऊ आणि एक बहीण. तिघांच्या वतीने लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्या चुकीविषयी सांगावयाचे आहे ती तिघांनी मिळून केली होती.

आमचे कळस इंदापूर तालुक्यात आहे. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा. पाऊस बेताचा, ऊन मात्र सढळ. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथे पोचले तेथे ऊस उभा राहिला आणि जेथे पोचले नाही तेथे माळ होता तसाच राहिला. कडबनवाडीच्या माळावर आजही चिंकारा दिसतात. आमचे वडील तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून शिक्षक म्हणून इकडे आले. नोकरीत बदल्या होत राहिल्या, पण बिऱ्हाड कळसलाच राहिले; आणि १९६८ साली त्यांनी गावात चार खणांचे एक माळवदाचे घर विकत घेतले.

वसईच्या किंवा कोकणच्या वाचकांना माळवद कदाचित ठाऊक नसेल. तिकडे पाऊस मुसळधार, म्हणून छपरे उतरती आणि कौलारू. आमच्याकडे पाऊस थोडा, म्हणून छप्पर सपाट आणि मातीचे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांचे किंवा फांद्यांचे आच्छादन आणि त्यावर मातीचा जाड थर. सर्वांत वर पांढरी माती. ही खारट माती दरवर्षी मृगापूर्वी आणून छतावर पसरावयाची आणि चोपून बसवावयाची, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. उजेड येण्यासाठी आणि चुलीचा धूर जाण्यासाठी छताला एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. पावसाचे थेंब पडू लागले की कोणीतरी वर धावत जाऊन त्यावर घमेले पालथे घालावयाचे. हे काम आम्हां तिघांत वाटून दिलेले होते आणि त्यावरून भांडणेही होत.

घराची मांडणी साधी होती. रस्त्याला लागून ओटा, मग सोपा, मग माजघर आणि मागे परस. सकाळी ओट्यावर धान्य निवडले जाई, दुपारी शेजारणी वाती वळीत किंवा गोधडी शिवीत बसत आणि संध्याकाळी वडिलांपुढे गावातली मुले पाढे म्हणत. माजघराच्या भिंतीत एक देवळी होती. शेजारघरी अशा देवळीत देवाचे टाक असत. आमच्या देवळीत पवित्र मरियेची तसबीर होती. तिन्हीसांजेला आमची जपमाळेची प्रार्थना सुरू झाली की ओट्यावर टेकलेल्या बायका आपले बोलणे आवरते घेत. ‘मास्तरीणबाईंची माळ चाललीया’ असे त्या हलक्या आवाजात एकमेकींना सांगत. गावात आमच्या धर्माचे दुसरे घर नव्हते. पण आम्ही एकटे आहोत असे त्या घरात आम्हांला कधी वाटले नाही.

म्हणून ते घर म्हणजे स्वर्ग होता असे मात्र नाही. तुळयांना वाळवी लागे. विंचू निघत. पांढरी माती घालावयाची एखाद्या वर्षी राहिली तर श्रावणात अंथरुणे ओली होत. माजघरात भरदुपारी दिवा लागे. चुलीपुढे आईचे डोळे कायम लाल असत आणि शौचास पहाटेच्या काळोखात गावाबाहेर जावे लागे. वडील गेल्यानंतर, २००९ च्या पावसाळ्यात सोप्याची एक तुळई खचली. आई तेव्हा सत्तरीला आली होती. आता नवे घर बांधलेच पाहिजे, याविषयी आमच्यात दुमत झाले नाही.

वडिलांनी गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला काही गुंठे जमीन घेऊन ठेवली होती. नकाशा मात्र आम्ही पुण्याहून आणला. आमच्यातील धाकटा पुण्यात वडगाव शेरीला राहतो. त्याच्या गल्लीत एक टुमदार बंगला उभा राहिला होता आणि तो आम्हां सर्वांच्या मनात भरला होता. ओळखीने त्याच्या नकाशाची प्रत मिळाली आणि तीच आम्ही गवंड्याच्या हाती ठेवली. पुढे मोटारीसाठी पोर्च, मग हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघर जोडलेल्या तीन खोल्या, सरकत्या काचांच्या मोठमोठ्या खिडक्या, त्यांना लोखंडी ग्रिल, सहा फूट उंचीची कंपाउंडची भिंत आणि तिला गेट. पाया खणताना गवंड्याने विचारले, ‘‘दाराम्होरं वटा किती रुंद धरायचा?’’ आम्ही सांगितले, ओटा नाही, तेथे पोर्च आहे. ‘‘म्हंजी गाडी लावाय व्हय? कुनाची गाडी?’’ आम्ही हसलो. वस्तुतः प्रश्न रास्त होता. त्या घरात राहणार होती आई एकटी. आमच्या मोटारी वर्षातून चार वेळा तेथे यावयाच्या होत्या.

आईनेही नकाशा पाहिला. तिला नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून आम्ही बोट ठेवून एकेक खोली दाखविली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘चांगलं आहे रे सगळं. पण बाहेर बसायला जागा कुठं धरली?’’ आम्ही म्हणालो, ‘‘आई, हॉल केवढा मोठा आहे बघ.’’ ती पुन्हा काही बोलली नाही.

२०११ च्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, घर पुरे झाले. फादर आले, त्यांनी प्रत्येक खोलीत तीर्थ शिंपडून घराला आशीर्वाद दिला. गावातली मंडळी जेवून गेली आणि ‘आता मास्तरीणबाई बंगल्यात’ असे कौतुकाने म्हणाली. नव्या न्हाणीघराचा, दारातल्या नळाचा आणि गॅसच्या ओट्याचा आईला मनापासून आनंद झाला, हेही सांगितले पाहिजे. जुन्या घराकडे परत जावयाचे तिने कधीही मनात आणले नाही.

पहिला उन्हाळा आला तेव्हा घराचे दुसरे रूप दिसले. कळसला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. मातीचे जाड माळवद आणि जाड भिंती दिवसभराची उष्णता पोटात घेत आणि ती आत उतरेपर्यंत रात्र होई. तोवर दारे उघडून, अंगणात अंथरूण टाकून माणसे गार वाऱ्याला निजलेली असत. पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारीच तापे आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत झळा सोडीत राही. पश्चिमेच्या मोठ्या काचांतून तिसऱ्या प्रहरीचे ऊन थेट पलंगावर येई, म्हणून खिडक्या बंद करून पडदे ओढावे लागत. दारे-खिडक्या बंद, पंखा चालू, बाहेर सहा फुटांची भिंत आणि बंद गेट, अशा घरात आई दुपार काढू लागली. जुन्या ओट्यावर येणाऱ्या बायका पहिल्या महिन्यात दोन-तीनदा आल्या. परंतु गेट उघडावयाचे, बेल दाबावयाची, आतून कडी निघेपर्यंत उन्हात उभे राहावयाचे आणि मग हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर अवघडून बसावयाचे, हे त्यांना जमेना. ओट्यावर टेकण्यासाठी काही कारण लागत नसे. बेल दाबावयाची म्हणजे काहीतरी काम असावे लागते.

२०१३ च्या मे महिन्यात एके दुपारी दीडच्या सुमारास आई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली. तिला उठता येईना. तिने हाका मारल्या. रस्त्यावरून माणसे जात होती, पण बंद काचा आणि भिंत यांतून हाक बाहेर पोचली नाही. फोन हॉलमध्ये होता. पाच वाजता दूध घालणारा मुलगा आला, त्याने दोनदा बेल वाजविली आणि कोणी नाही असे समजून तो वळला. तेवढ्यात भांडे फरशीवर आपटल्याचा आवाज त्याच्या कानी आला, आणि तो थांबला म्हणून पुढचे सगळे झाले. साडेतीन तास आमची आई त्या फरशीवर पडून होती. खुब्याचे हाड मोडले होते.

दवाखान्याच्या बाहेर बसून आम्ही एकमेकांना धीर देत होतो, पण तिघांच्याही मनात एकच गोष्ट होती. जुन्या घरात ती पडली असती तर शेजारच्या ओट्यावर पाचव्या मिनिटाला कळले असते. घर पक्के होते, सुबक होते, सुरक्षित म्हणून बांधले होते. आम्ही चोरापासून त्याचा बंदोबस्त केला होता आणि त्याच बंदोबस्तात आईला कोंडले होते. त्यात गवंड्याचा दोष नव्हता आणि नकाशा काढणाऱ्याचाही नव्हता. तो नकाशा दुसऱ्या कुटुंबासाठी, दुसऱ्या गल्लीसाठी काढलेला होता.

शस्त्रक्रियेनंतर आई आमच्या बहिणीकडे नेरूळला राहिली. काठी घेऊन चालू लागल्यावर, २०१४ च्या जानेवारीत, बहीण तिला बेलापूरला आपल्या एका मैत्रिणीकडे घेऊन गेली. आम्ही दोघे भाऊही त्या दिवशी सोबत होतो. मैत्रीण ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाच्या वसाहतीत राहते. नवी मुंबईचे उंच टॉवर मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी आले की ही वसाहत लागते. सात घरे एका लहानशा चौकाभोवती बसलेली; चौक साधारण आठ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. असे तीन चौक मिळून एकवीस घरे आणि त्यांच्यात आणखी मोठा चौक. अशा समूहांचे पुन्हा मोठे समूह. प्रत्येक घराला आपले अंगण आणि कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. आई मैत्रिणीच्या पायरीवर बसली. समोर मुले खेळत होती, एक आजी गहू निवडीत होती. थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘‘ही तर आपली आळीच आहे.’’

घरी परतल्यावर आम्ही त्या वसाहतीची माहिती मिळवून वाचली. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी ती वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखली. कोरियांचे घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १९३० साली सिकंदराबादचा, मृत्यू २०१५ साली मुंबईत. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी त्यांचे काम नकळत पाहिले असेल, कारण दादरच्या पोर्तुगीज चर्चची १९७० च्या दशकात उभी राहिलेली आजची वास्तू त्यांचीच आहे. तेथेही छताखालची दालने आणि उघडे चौक एकमेकांत गुंफलेले आहेत; एकातून दुसऱ्यात जाताना माणसाच्या डोक्यावर कधी छत असते, कधी आकाश. आपल्यासारख्या उष्ण देशात उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा घरातली एक खोलीच आहे, हा विचार ते आयुष्यभर मांडीत राहिले. गरिबाचे घर लहान असले तरी अंगणात तो निजतो, ओट्यावर स्वयंपाक करतो, पायरीवर गप्पा मारतो; म्हणून घराचे माप घेताना या जागाही मोजावयास हव्यात.

बेलापूरला आणखी एक गोष्ट त्यांनी केली. भूखंड ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंत ठेवले. म्हणजे कमी मिळकतीच्या आणि बऱ्या मिळकतीच्या कुटुंबांच्या जागेत फार अंतर राहिले नाही. घरे साधी, गावच्या गवंड्याला बांधता येतील अशी आखली. आणि प्रत्येक घर सुटे ठेवले, जेणेकरून शेजाऱ्याला न दुखविता ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे वाढविता यावे. ते स्वातंत्र्य लोकांनी पुरेपूर वापरले. आज तेथे मूळची उतरत्या छपरांची घरे मोजकीच दिसतात. पुष्कळांनी ती पाडून दोन-तीन मजली पक्के बांधकाम केले आहे, अंगणे झाकली आहेत, ग्रिलही लावले आहेत. आम्ही हे पाहिले तेव्हा प्रथम हळहळलो. मग ध्यानात आले की घरे बदलली तरी बहिणीच्या मैत्रिणीपुढचा चौक चौकच राहिला आहे. तो कोणा एकाचा नव्हता, म्हणून कोणालाही तो पोटात घालता आला नाही.

त्या रात्री आम्हांला आमच्याच कृतीचे नवल वाटले. मुंबईच्या उपनगरासाठी घर आखणारा एक जगप्रसिद्ध माणूस खेड्यातल्या आळीकडून चौक आणि ओटा शिकतो; आणि ज्या आळीत आमचा जन्म गेला ती सोडून आम्ही उपनगरातल्या बंगल्याचा नकाशा खेड्यात घेऊन येतो. दोन्ही नकाशे वाटेत एकमेकांना भेटले असते तर काय बोलले असते?

आम्ही घर पाडले नाही. तेवढी ऐपतही नव्हती. बारामतीच्या एका तरुण वास्तुविशारदाला घरी नेले. त्याने आधी खोल्या मोजल्या नाहीत. आई दिवसभर काय करते, कोण कोण येते, दुपारी ऊन कोठून लागते, हे तो विचारीत राहिला. मग कामे ठरली. पुढची सहा फुटांची भिंत उतरवून बसण्याच्या उंचीची केली आणि तिच्यावर रुंद शहाबादी फरशी टाकली, म्हणजे भिंतीचा कट्टा झाला. पोर्चची जमीन दीड फूट उचलून तेथे ओटा बांधला. पायऱ्या बुटक्या ठेवल्या आणि कडेला धरावयास कठडा दिला. स्वयंपाकघराची खिडकी त्या ओट्यावर उघडेल अशी केली. मागच्या बाजूचे पत्रे काढून तेथे आठ बाय दहाचा उघडा चौक ठेवला. गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक फरशी बसविली, ती ऊन परतवते. पश्चिमेच्या काचा निम्म्याने कमी केल्या, वर छज्जा काढला आणि बाहेरून बांबूचे तट्टे सोडले. न्हाणीघरात हाताशी दांडी बसविली. दाराला बाहेरूनही उघडेल असे कुलूप लावले आणि त्याची एक किल्ली दूध घालणाऱ्या मुलाच्या घरी ठेवली. जुन्या घरातून काढून ठेवलेली देवळीची लाकडी चौकट ओट्याच्या भिंतीत बसवून तीत तीच तसबीर ठेवली.

काम करणारा गवंडी तोच होता. ओट्याची रुंदी त्याने आम्हांला विचारली नाही. तो आईला विचारावयास गेला.

२०१४ च्या जूनमध्ये आई कळसला परतली. पहिल्या दिवशी ती ओट्यावर बसली तेव्हा कोणीही आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही मनात खट्टू झालो. तुटलेली सवय गवंडी लावून सांधता येत नाही, असे वाटले. आठवड्याने शेतावरून परतणारी एक बाई डोक्यावरचा भारा कट्ट्यावर टेकवून पाणी मागावयास थांबली. मग ती रोज थांबू लागली. घर गावाबाहेर आहे, त्यामुळे जुन्या आळीतली वर्दळ येथे कधीच आली नाही आणि येणारही नाही. हे आम्ही मान्य केले आहे. पण जाणारा-येणारा ‘काय मास्तरीणबाई’ म्हणू लागला आणि आईला दिवसातून दहा-वीस वेळा उत्तर द्यावे लागू लागले. पुढे ती एकदा पुन्हा पडली. त्या वेळी खिडकीतून हाक बाहेर पोचली आणि दहा मिनिटांत तीन माणसे आत आली.

आई २०१९ साली गेली. शेवटच्या महिन्यांत तिला प्रार्थना पाठ म्हणता येत नव्हती, फक्त मणी ओढीत ती ओट्यावर बसून राही. कट्ट्यावर टेकलेल्या बायका तेव्हाही आवाज खाली करीत.

आता त्या घरात आमच्यापैकी कोणी राहत नाही. सुट्टीत जातो तेव्हा शेजारची दोन मुले ओट्यावर अभ्यास करीत बसलेली असतात. आम्ही आलो की ती उठू लागतात. आम्ही त्यांना बसा म्हणतो.

आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे आज जुनी घरे पाडून नवी बांधीत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: नकाशा हाती आला की हॉल किती मोठा हे पाहण्याआधी त्या घरात सर्वांत अधिक वेळ कोण राहणार ते ठरवावे, आणि ती व्यक्ती दुपारी चार वाजता कोठे बसेल हे बोट ठेवून दाखविता येते का ते पाहावे. आमच्या आईने नेमके हेच विचारले होते.